कौलांच्या फटीतून पडणारा कवडसा गोलच का?

माजघर
७ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी सध्या कौलं चाळायचं काम सुरू आहे. फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची, पावसाआधीचं नेहमीचं. काम पुरं होईपर्यंत माजघरात वीस-पंचवीस कवडसे पडलेले असतात. माझी दहा वर्षांची मुलगी काल दुपारी त्यांच्यात बसली होती. तिनं विचारलं, "बाबा, सगळे कवडसे गोल कसे? कौलं तर कुठेच गोल फुटलेली नाहीत."

या घरात मी चाळीस वर्षं कवडसे पाहतोय. त्यांच्यात नाचणारी धूळ पाहिली, ते कुठवर सरकले ते बघून चहाचं आधण ठेवणारी आजी पाहिली. हा प्रश्न मात्र मला कधीच पडला नाही. शिडी लावून वर गेलो. एक फट तांदळाच्या दाण्यासारखी लांबट, दुसरी नखाएवढी त्रिकोणी, तिसरीला तर धड आकारच नाही. खाली तिघींचे कवडसे गोल. जिथे अख्खं कौल काढलं होतं तिथे मात्र जमिनीवर कौलाच्याच आकाराचा उजेड होता, कडा पुसट झालेला.

मग आम्ही पुठ्ठ्याला अर्ध्या सेंटिमीटरचं त्रिकोणी भोक पाडलं आणि पुठ्ठा त्या कौलाच्या जागी ठेवला. कागद भोकाला चिकटवून धरला की उजेडाचा त्रिकोण दिसतो. हातभर खाली आणला की कोपरे बोथट होतात. जमिनीवर पूर्ण गोल.

कवडसा म्हणजे सूर्याचंच चित्र असं कधीतरी वाचलं होतं, म्हणून मापं घेतली. भोकापासून जमीन ४ मीटर १० सेंटिमीटर, कवडशाचा व्यास ४.३ सेंटिमीटर. सूर्य आपल्यापासून सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटरवर आहे आणि त्याचा व्यास साधारण १३ लाख ९२ हजार किलोमीटर, म्हणजे भागाकार १०७.५. कवडशाचा भागाकारही तेवढाच यायला हवा ना? आमचा आला ९५. दोनदा मोजलं. कुठे चुकतंय?

आणखी एक. साडेबाराच्या सुमारास कवडसा फटीच्या बरोबर खाली, ओळंब्यात पडला होता. एरवी तो तिरका जातो.


शंकू_मास्तर
७ मे, रात्री १०:२५

तुमच्या मुलीचा प्रश्न फार जुना आणि फार चांगला आहे. वेताच्या विणीतून चौकोनी भोकांमधून आलेलं ऊन गोल का पडतं, असा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका ग्रीक ग्रंथात आहे. त्याचं पूर्ण उत्तर युरोपात केप्लरनं १६०४ साली छापलं, म्हणजे मध्ये जवळजवळ दोन हजार वर्षं गेली. त्याच्या सहाशे वर्षं आधी इब्न अल हैथम या अरब विद्वानानं ग्रहणाच्या वेळी भोकातून पडणाऱ्या आकारावर स्वतंत्र प्रबंध लिहिला होता.

सूर्य हा एक ठिपका नाही, तबकडी आहे, सगळी गोम इथे आहे. तबकडीच्या एकाच बिंदूतून प्रकाश आला असता तर जमिनीवर भोकाच्याच आकाराचा, त्रिकोणी उजेड पडला असता. पण बिंदू अगणित आहेत आणि प्रत्येकाचा प्रकाश भोकातून किंचित वेगळ्या दिशेनं जातो. सूर्याच्या वरच्या कडेचा त्रिकोण जरा खाली पडतो, डाव्या कडेचा जरा उजवीकडे. असे असंख्य छोटे त्रिकोण एका गोलात शेजारी-शेजारी, एकमेकांवर चढून पडले की जो आकार होतो, तो तुमचा कवडसा. जमीन जवळ असेल तर त्रिकोण मोठा आणि गोल लहान, म्हणून त्रिकोण दिसतो. जमीन लांब गेली की गोल वाढत जातो, त्रिकोण आहे तेवढाच राहतो, आणि गोल त्याला गिळतो. अख्ख्या कौलाच्या जागेचं उलट झालं. भोक एवढं मोठं की चार मीटरवर तयार झालेला गोल त्याच्यापुढे लहान पडला. त्यानं फक्त कडा पुसट केल्या.

आता ९५ का आले. कवडशाच्या व्यासात सूर्याच्या गोलाबरोबर भोकाची रुंदीही मिसळलेली असते. ४.३ मधून भोकाचा अर्धा सेंटिमीटर वजा करा, ३.८ उरतात. ४१० भागिले ३.८ करून बघा.

ओळंब्याचं कारण असं की तुमच्या अक्षांशावर ६ मेच्या आसपास मध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर येतो. तोच तुमचा शून्य सावलीचा दिवस. पुण्यात तो १३-१४ मेच्या सुमारास, नागपुरात २६ मेच्या. मग सूर्य उत्तरेला जाऊन परततो तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं. मोजायला तुम्ही अगदी योग्य दिवस धरलात, कारण किरण सरळ आला की कवडसा लंबगोल होत नाही. इतर दिवशी कागद किरणाला काटकोनात धरावा लागतो.


माजघर
७ मे, रात्री १०:५०

सर, १०७.९ आले!! मुलगी झोपली आहे, सकाळी सांगतो. घरातल्या जमिनीवर सूर्याचं माप उतरलं, अजून खरं वाटत नाही.


मीनल_सांगली
८ मे, सकाळी ७:१५

मास्तर जे सांगताहेत ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहिते. २६ डिसेंबर २०१९ ची सकाळ. कंकणाकृती ग्रहण केरळ-तमिळनाडूच्या पट्ट्यात होतं, आमच्याकडे खंडग्रास. आमच्या अंगणात कडुनिंब आहे आणि त्याच्या पानांमधून समोरच्या भिंतीवर रोज सकाळी गोल कवडसे पडतात. त्या दिवशी नवाच्या सुमारास भिंतीवर शेकडो चंद्रकोरी होत्या. वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या. पानांच्या फटी त्याच होत्या. वर सूर्य कोरीचा झाला म्हणून खाली कवडसे कोरीचे झाले.

माझ्या सासूबाई तेव्हा ७४ वर्षांच्या. जन्मात कधी ग्रहण पाहिलं नव्हतं, कारण ग्रहण लागलं की दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. त्या दिवशीही आत बसल्या होत्या. मी खिडकीला पुठ्ठा लावला, त्याला सुईनं भोक पाडलं आणि समोर पांढरा कागद धरला. नखाएवढी उजेडाची कोर कागदावर आली. त्या काही बोलल्या नाहीत, कागद माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या मांडीवर धरला. ग्रहण सुटेपर्यंत, तासाभराहून जास्त वेळ, कोर परत गोल होताना बघत होत्या. मधूनमधून कागद सरकवत होत्या.

कागदावरची कोर उलटी असते. सूर्याचा वरचा भाग झाकलेला असेल तर कागदावर खालचा झाकलेला दिसतो. आधी मला वाटलं माझंच काही चुकतंय.


शंकू_मास्तर
८ मे, सकाळी ८:०५

मीनलताई, फार सुंदर लिहिलंत. कागद सरकवावा लागतो त्याचं कारण पृथ्वी फिरते. आकाशात सूर्य दोन मिनिटांहून थोड्या जास्त वेळात स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणजे कवडसाही तेवढ्याच वेळात आपली जागा पूर्ण सोडतो. माजघरवाल्यांच्या आजी त्यावरूनच चहाची वेळ ओळखत असणार.

या पद्धतीत पाहणाऱ्याची पाठ सूर्याकडे असते, म्हणून डोळ्यांना धोका नाही. पण भोकातून सूर्याकडे बघायचं नाही, भोकातून आलेला उजेड बघायचा. ही चूक मुलं हमखास करतात. एक्स-रेची फिल्म, काळी केलेली काच, साधा गॉगल, पाण्याच्या परातीतलं प्रतिबिंब, यातलं काहीही चालत नाही. सूर्य निम्माअधिक झाकला की उजेड सोसवतो आणि माणूस बघत राहतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे ते भाजतंय हे त्या क्षणी समजतच नाही.


पतंग_इतवारी
८ मे, सकाळी ११:३०

मला उलटा प्रश्न आहे, सावलीचा. लहानपणापासून नागपुरात संक्रांतीला गच्चीवरून पतंग उडवतो. पतंग हातभर वर असला की गच्चीवर काळीभोर सावली. जरा चढला की सावली फिकी होते. आणि पूर्ण ढील दिल्यावर तर खाली कुठेच दिसत नाही. ऊन तर तेवढंच असते. मग सावली जाते कुठे?


शंकू_मास्तर
८ मे, दुपारी १२:१०

पतंगराव, तुमची सावली आणि वरचा कवडसा, दोन्ही एकाच हिशोबानं सुटतात. सूर्य जर ठिपका असता तर सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी आली असती आणि कितीही उंचीवरून तशीच राहिली असती. सूर्य तबकडी आहे, म्हणून पतंगाच्या कडेपाशी एक अशी जागा असते जिथून अर्धा सूर्य झाकलेला आणि अर्धा उघडा दिसतो. तिथे अर्धवट सावली. पाठ्यपुस्तकात तिला उपच्छाया म्हणतात, आणि जिथून सूर्य पूर्ण झाकलेला असतो त्या काळ्या गाभ्याला प्रच्छाया.

मनात हा आकडा धरा: वस्तूपासून जितकं लांब जाल त्याच्या १०८व्या भागानं काळा गाभा आकसतो. म्हणजे वस्तूच्या रुंदीच्या १०८ पट अंतरावर गाभा संपतो. पतंग अर्धा मीटर रुंद असेल तर ५४ मीटर. त्याच्या पलीकडे पतंगाची काळी सावली अस्तित्वातच नाही. तिथून वर पाहणाऱ्याला पतंग सूर्याच्या तबकडीवर एक डाग म्हणून दिसेल, सूर्य झाकू शकणार नाही. उजेड किंचित कमी होतो, पण तो फरक डोळ्याला कळत नाही.

रस्त्यावर विजेच्या तारेची सावली शोधा. एक सेंटिमीटर जाडीची तार, गाभा संपतो एक मीटरवर, आणि तार असते सात-आठ मीटर उंच. खांबाची सावली स्पष्ट, तारेची जवळजवळ नाही. अंगणातली कपडे वाळवायची दोरी जमिनीच्या जवळ असते, म्हणून तिची रेघ दिसते. विमानाच्या धडाची रुंदी चार मीटर धरली तरी गाभा सव्वाचारशे-साडेचारशे मीटरवर संपतो. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान आपल्यावर सावली टाकत नाही ते यामुळे.


वाचक_दादर
८ मे, दुपारी १:००

वाचतोय. १०८ म्हटल्यावर जपमाळेतले १०८ मणी आठवले. काही संबंध असेल का?


खगोल_प्राजक्ता
८ मे, दुपारी ३:२०

वाचकदादा, १०८ हा काही पक्का आकडा नाही. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतो, तेव्हा हे प्रमाण १०५.७ येतं. जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २१ लाखांवर, तेव्हा १०९.३. सध्या मे महिन्यात ते साडेएकशे आठच्या जवळ आहे. १०८ ही हिशोबाला सोपी, मधली संख्या. जपमाळेशी तिचा संबंध जोडायला माझ्याकडे काही पुरावा नाही, म्हणून मी जोडणार नाही.

पण मास्तरांचा नियम आता चंद्राला लावू द्या, मला राहवत नाही. चंद्राची रुंदी ३,४७४ किलोमीटर. गुणिले १०८, साधारण ३ लाख ७५ हजार किलोमीटर. म्हणजे चंद्राच्या काळ्या सावलीचा सुळका एवढा लांब. आणि चंद्र आपल्यापासून किती लांब? कधी ३ लाख ५६ हजार, कधी ४ लाख ६ हजार. ३ लाख ७५ हजार हा आकडा बरोबर या दोहोंच्या मध्ये येतो! चंद्र जवळ असताना सुळक्याचं टोक जमिनीला टेकतं, आणि जिथे टेकतं तिथे खग्रास सूर्यग्रहण. चंद्र लांब असताना टोक हवेतच संपतं, पतंगाच्या सावलीसारखं, आणि चंद्राभोवती सूर्याची कडा उरते. ते कंकणाकृती. मीनलताईंनी भिंतीवर पाहिलेलं ग्रहण या दुसऱ्या जातीचं. २२ जुलै २००९ चं पहिल्या जातीचं. तेव्हा चंद्र इतका जवळ होता की प्रशांत महासागरात खग्रास स्थिती ६ मिनिटं ३९ सेकंद टिकली. आपल्या देशात सुरत, इंदूर, भोपाळ, पाटणा त्या पट्ट्यात होते, पण बहुतेक ठिकाणी पावसाळी ढगांनी घात केला.

जमिनीला टेकणारा हा ठिपका जेमतेम शे-दोनशे किलोमीटर रुंद असतो. एखाद्या गावावरून तो जायचा म्हणजे सरासरी ३७५ वर्षांत एकदा.


सुजाता_के
८ मे, संध्याकाळी ६:४५

मग दर अमावास्येला ग्रहण का होत नाही? आणि चंद्राच्या कला म्हणजे चंद्रावर रोज पडणारी पृथ्वीची सावलीच ना? माझ्या मुलाला मी असंच सांगितलं आहे.


खगोल_प्राजक्ता
८ मे, रात्री ८:१०

सुजाताताई, कलांचा आणि पृथ्वीच्या सावलीचा संबंध नाही. तुम्ही एकट्या नाही, मलाही कॉलेजपर्यंत तसंच वाटायचं. शुद्ध अष्टमीच्या दिवशी दुपारी चार वाजता बाहेर जा. पूर्वेच्या बाजूला अर्धा चंद्र दिसतो, आणि सूर्यही आकाशात असतो. हातात लिंबू घ्या, हात लांब करून ते चंद्राच्या शेजारी येईल असं धरा, आपण उन्हात उभं राहून. लिंबावरही बरोबर अर्धाच उजेड दिसेल, त्याच बाजूला. लिंबू आणि चंद्र, दोघांवर ऊन एकाच दिशेनं येतंय. त्यांची उजेडाची बाजू आपल्याला किती दिसते, एवढंच म्हणजे कला. मुलाला हे एकदा दाखवा, पुन्हा काही समजवावं लागणार नाही.

आता अमावास्या. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ५ अंश ऐकायला कमी वाटतात. पण चंद्राच्या अंतरावर ते ३४ हजार किलोमीटर होतात, आणि पृथ्वीची रुंदी आहे १२,७४२. त्यामुळे बहुतेक अमावास्यांना सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. दोन्ही कक्षा एकमेकींना जिथे छेदतात ते बिंदू म्हणजे राहू आणि केतू. पंचांगातही ते बिंदूच आहेत, त्यांना शरीर नाही. सूर्य त्यांच्याजवळ असताना अमावास्या किंवा पौर्णिमा आली तरच ग्रहण. म्हणून ग्रहणांचे हंगाम असतात, साधारण सहा-सहा महिन्यांनी. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला झाकते, हे आर्यभटानं पाचव्या शतकाच्या अखेरीस एका ओळीत सांगून ठेवलं आहे.


सुजाता_के
८ मे, रात्री ८:३०

धन्यवाद ताई. उद्याच लिंबू घेऊन बघतो आम्ही. (उद्या अष्टमी नाही, माहीत आहे. चंद्र दिसेल तेव्हा.)


तळकोकणी
८ मे, रात्री ९:१५

ग्रहणाचा विषय निघालाच आहे तर आमच्या विजयदुर्गाचं सांगायला हवं. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं तिथून दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला. आम्ही दरवर्षी १८ ऑगस्ट साजरा करतो.


खगोल_प्राजक्ता
८ मे, रात्री १०:४०

तळकोकणी दादा, विजयदुर्गावर माझंही प्रेम आहे, म्हणूनच हे नीट लिहिते. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर भारतात नव्हते. तेव्हा फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते, इंग्रज पथकं गुंटूर, जमखंडी, विजापूर या भागात होती, पॉगसन मछलीपट्टणला. लॉकियरनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला. त्या वर्णपटातली पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. पुढे तिच्या मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं गेलं, आणि पृथ्वीवर ते १८९५ साली रॅमसेंना सापडलं.

पण लॉकियर विजयदुर्गला आलेच नाहीत असं मात्र नाही. ते आले, तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांचं पथक विजयदुर्गावरच उतरलं होतं आणि 'मेलपोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरचे नौसैनिक मदतीला होते. ओटे त्या वेळचे मानणं मला जास्त सयुक्तिक वाटतं. त्याच दिवशी पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगामवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच. सावलीचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून देशावर चढला होता. हा इतिहास विजयदुर्गाला पुरेसा मोठा आहे, आणि तो खरा आहे.


तळकोकणी
८ मे, रात्री ११:०५

हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण लॉकियर खरोखर आमच्या बुरुजावर उभे होते हे कळल्यावर बरंही वाटलं. पुढच्या वेळी पाहुण्यांना १८९८ सांगेन.


झारा_ओहायो
९ मे, पहाटे ५:२०

मी क्लीव्हलंडहून लिहितेय. ८ एप्रिल २०२४ ला आमच्या गावावरून खग्रासचा पट्टा गेला. मीनलताईंसारखं झाडाखाली कोरी पाहायच्या असं मनात होतं, पण एप्रिलच्या सुरुवातीला इथल्या झाडांना पानंच नसतात. मग स्वयंपाकघरातला झारा आणि चाळणी घेऊन अंगणात गेले. पांढऱ्या चादरीवर झाऱ्याच्या प्रत्येक भोकाची एक कोर. शेजारची अमेरिकन मुलं धावत आली, सगळ्यांना झारा हवा होता. आईनं लग्नात दिलेला झारा आहे तो.

मास्तरांनी सांगितलेली उपच्छाया मी तेव्हा पाहिली, नाव आज कळलं. सूर्य अगदी बारीक कोर उरला तेव्हा सावल्या विचित्र रेखीव झाल्या. माझ्या हातावरच्या लवेची सावली जमिनीवर दिसत होती, केस नि केस. आज समजतंय की सूर्याची रुंदीच त्या दिशेनं संपली होती, म्हणून कडा पुसट करायला काही उरलं नव्हतं.

सव्वातीनच्या सुमारास काळोख झाला. जवळपास पावणेचार मिनिटं. एका बाजूला शुक्र, दुसरीकडे गुरू, चारी बाजूंना क्षितिजावर संध्याकाळचा रंग, आणि मध्ये काळी तबकडी, तिच्याभोवती पांढरं तेज. मी रडले. शेजारची आजीही रडत होती. आम्ही एकमेकींचा हात धरला होता हे नंतर लक्षात आलं.


अनामिका_सातारा
९ मे, सकाळी ९:५०

हे सगळं वाचून एक विचारायचं आहे. मागच्या वेळी ग्रहण होतं तेव्हा मी सातवा महिना काढत होते. घरच्यांनी मला दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसवलं. पाणी नाही, जेवण नाही, सुरी-कात्रीला हात नाही, हात-पायही आखडायचे नाहीत. चक्कर आली तरी कोणी ऐकलं नाही. बाळ सुखरूप आहे. आता जाऊ गरोदर आहे आणि मला तिच्या बाजूनं बोलायचं आहे. पण सासऱ्यांना दुखवायचं नाही. काय सांगू?


शंकू_मास्तर
९ मे, सकाळी १०:३०

मुली, तू सोसलंस त्याचं फार वाईट वाटलं. गरोदरपणी दिवसभर उपाशी आणि तहानलेलं राहणं हे नक्की अपायकारक आहे, ग्रहण असो वा नसो. डॉक्टरांकडूनही हेच ऐकवा.

सासऱ्यांशी बोलताना एवढंच विचार: ग्रहणात नेमकं काय होतं? सूर्यग्रहणात आपल्यावर चंद्राची सावली पडते. ऊन तेच, फक्त कमी. त्यात नवा कुठलाही किरण नसतो. आणि चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. ती सावली आपल्याला अनोळखी नाही. सूर्य मावळल्यावर आपण तिच्यातच शिरतो. रात्र म्हणजे पृथ्वीच्या सावलीत असणं. त्या सावलीत आपण रोज जेवतो, झोपतो, बाळंतपणं होतात, दूध तापतं. तिचा एक तुकडा काही तास चंद्रावर दिसला, तर अन्नाला काय होणार?

माझ्या वडिलांना मी हे असंच सांगितलं होतं. त्यांनी स्नान आणि दान शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि मीही त्यांना सोडायला सांगितलं नाही. 'दे दान सुटे गिराण' अशी हाळी आली की ते स्वतः उठून धान्य घालायचे. पण घरातल्या कोणालाही उपाशी ठेवणं त्यांनी बंद केलं.


अनामिका_सातारा
९ मे, सकाळी १०:५५

रात्र म्हणजे सावली. हे मी सांगेन. हे त्यांना पटेल असं वाटतं.


सह्यकडा
९ मे, दुपारी २:१५

मास्तर, ती सावली डोळ्यांनी दिसते! कळसूबाईवर मुक्काम केलात तर सगळे सूर्यास्त बघायला पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात. सूर्य बुडाल्यावर पाच-दहा मिनिटांनी मागे वळा. पूर्वेच्या क्षितिजावर करड्या-निळ्या रंगाचा पट्टा दिसतो, त्याच्या वर गुलाबी झालर. हळूहळू वर चढतो आणि मग अंधारात मिसळतो. तो निळा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. हवा स्वच्छ हवी, दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. मी वीस वर्षं भटकतोय आणि पहिली दहा वर्षं एकदाही मागे वळलो नव्हतो.


खगोल_प्राजक्ता
९ मे, दुपारी ४:००

सह्यकडा, वा! आणि चंद्राच्या अंतरावर ही सावली केवढी असते तेही मास्तरांच्याच नियमानं निघतं. पृथ्वी १२,७४२ किलोमीटर रुंद. चंद्र ३ लाख ८४ हजारांवर. भागिले १०८, सुमारे ३,५६०. तेवढं वजा केलं की ९,१८० किलोमीटर. चंद्राच्या अडीच पटीहून जास्त. म्हणून चंद्र तिच्यात पूर्ण बुडतो आणि खग्रास चंद्रग्रहण तासभर किंवा त्याहून जास्त टिकू शकतं. सूर्यग्रहणाची खग्रास स्थिती मात्र मिनिटांत मोजतात.

त्या वेळी चंद्र तांबडा दिसतो, कारण पृथ्वीच्या कडेभोवतालच्या हवेतून वळून थोडं ऊन सावलीत शिरतं. वाटेत निळा रंग विखरून जातो, तांबडा उरतो. चंद्रावर उभं राहून पाहिलं असतं तर काळ्या पृथ्वीभोवती तांबडी कडा दिसली असती. जगभरचे सगळे सूर्योदय आणि सूर्यास्त एकाच वेळी.

आपल्याकडून दिसणारं एक मोठं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे. इजिप्तमध्ये लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, सूर्य पश्चिमेकडे कललेला असताना. पश्चिमेची खिडकी बंद करून पुठ्ठ्याला भोक पाडलंत आणि समोरची भिंत सहा मीटरवर असेल, तर साडेपाच सेंटिमीटरचा सूर्य भिंतीवर येईल. ढगांना एक फट मिळाली पाहिजे.


माजघर
१० मे, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले दोन दिवस आमच्या माजघराची प्रयोगशाळा झाली होती. मुलीनं वेगवेगळ्या फटींखाली नऊ कवडसे मोजले, प्रत्येकातून भोकाची रुंदी वजा केली. उत्तरं १०४ ते १११ मध्ये आली. कड पुसट असल्यामुळे ती नेमकी कुठे धरायची यावरून आमचा वादही झाला. तिचं म्हणणं, फिकी झालर धरायची. शेवटी तिचंच मान्य केलं, कारण तिच्या पद्धतीनं नऊही मापं जवळजवळ आली.

मास्तरांना फोन करून केप्लरनं स्वतः हे कसं शोधलं ते विचारलं. त्यानं एक पुस्तक उंचावर ठेवलं होतं, सूर्य समजून. पुस्तकाच्या कोपऱ्याला दोरा बांधला आणि तो दोरा टेबलातल्या अनेक कोन असलेल्या भोकाच्या कडेला टेकवत फिरवला. दोऱ्याचं टोक जमिनीवर जिथे जाईल तिथे खूण केली. एका कोपऱ्यातून भोकाचा आकार मिळाला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून, मग कडेवरच्या इतर बिंदूंवरून. शेवटी जमिनीवर पुस्तकाचा आकार उमटला. मुलीनं सूर्य म्हणून ताट घेतलं. तुळईला बांधलं, खाली पुठ्ठ्यात त्रिकोण, आणि सारवलेल्या जमिनीवर खडूनं छोटे छोटे त्रिकोण काढत गेली. बत्तिसाव्या त्रिकोणापर्यंत गोल पूर्ण झाला. आईनं दोन दिवस तिथे झाडू फिरवलेला नाही.

आज दुपारी गड्यानं शेवटची कौलं बसवली. माजघर एकदम काळोखलं. मुलीनं त्याला एक फट ठेवायला लावली आहे, मागच्या पडवीवर, जिथे चार थेंब पाणी आलं तरी चालतं. तिच्या बरोबर खाली तिनं जमिनीत खुंटी ठोकली आहे.